आधी कार्ड बघा, मग मशीन

हैदराबादेत गौलीगुड्याच्या आमच्या गल्लीत दर जूनमध्ये कुणाची ना कुणाची मुलगी डीएमएलटी किंवा बीएस्सी करून निकालाचा कागद दाखवायला येते. पेढा हातावर ठेवते आणि मग विचारते, "ताई, नवजात बाळांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जागा आहे म्हणतात. घेऊ का?" यंदा अशा दोघीजणी आल्या, एक जांबागची आणि एक नांदेडहून इथे मावशीकडे राहायला आलेली. त्यांना जे सांगितलं तेच सविस्तर लिहिते आहे. या कामाची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि त्यांत मशीनची माहिती भरपूर असते. सकाळी पाकीट उघडल्यावर काय बघायचं हे मात्र कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

घ्या ही नोकरी. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की ठेवा. इतर लॅबमध्ये पेशंट आजारी पडून येतो, त्याला काहीतरी होत असतं, डॉक्टरांना शंका आलेली असते. इथे बाळ ठणठणीत दिसतं, दूध पितं, रडतं, घरी बारशाची तयारी चाललेली असते. त्याच्यात काही कमी असेल तर ते सांगणारी एकच वस्तू या जगात असते, आणि ती म्हणजे तुमच्या हातातलं कार्ड. ते कार्ड तुम्ही चुकीचं वाचलंत तर दुसरं कुणी ते वाचणार नाही.

हे कार्ड म्हणजे जाड गाळणकागद. 1960 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेच्या रक्ताचे थेंब अशा कागदावर सुकवून पोस्टाने लॅबमध्ये मागवायला सुरुवात केली, फिनाइलकीटोनयूरिया या एका विकारासाठी. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला हाच विकार होता. कागद तोच राहिला, तपासण्या वाढत गेल्या. आपल्याकडे 1980 मध्ये बंगळुरूहून कर्नाटकातल्या लाखाहून अधिक बाळांची अशी तपासणी सुरू झाली. आपल्या हैदराबादचं काम त्यानंतरचं, पण फार मोलाचं. इथल्या सीडीएफडी या केंद्राच्या पुढाकाराने शहरातल्या चार सरकारी प्रसूती रुग्णालयांतल्या 18,300 बाळांची तपासणी झाली. त्यात जन्मजात थायरॉइडची कमतरता साधारण 1,700 बाळांमागे एकाला आढळली आणि ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार, ज्याला लॅबमध्ये सगळे सीएएच म्हणतात, तो 2,575 मागे एकाला. पुढे आयसीएमआरने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी लाखाहून अधिक बाळं तपासली. तिथे थायरॉइडचं प्रमाण 1,130 मागे एक निघालं. पाश्चात्त्य देशांत पूर्वी हे प्रमाण तीन-चार हजारांमागे एक धरत. म्हणजे आपल्याकडे हे काम जास्त निकडीचं आहे. गोव्याने 2008 मध्ये राज्यभर नवजात तपासणी सुरू करून वाट दाखवली, पण देशातल्या प्रत्येक बाळापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

आता कार्डाकडे वळू. पाकीट उघडलं की कार्ड खिडकीच्या उजेडात धरा आणि उलटं करून बघा. पुढचा वर्तुळभर लाल डाग मागेही तितकाच, त्याच रंगाचा दिसला तर रक्त आरपार मुरलेलं आहे. पुढे भरगच्च आणि मागे ठिपके-ठिपके असतील तर थेंब अपुरा होता. डागाभोवती फिकट पाण्यासारखी कडा असेल तर टाचेवरचं स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, किंवा टाच पिळली आणि रक्तात पेशीबाहेरचं पाणी मिसळलं. डागावर काळपट, जाड, चकाकणारा थर असेल तर एकाच वर्तुळावर दोनदा थेंब टाकलेत. डागावर ओरखडे असतील तर केशनळीने कागद खरवडला गेला. असं कार्ड नापास.

ही बारीकसारीक तक्रार नाही, हिशोब आहे. या कार्डातून आपण 3.2 मिलिमीटरची चकती कापतो. तिच्यात साधारण तीन मायक्रोलिटर रक्त असतं असं धरून पुढची सगळी आकडेमोड होते. थर दुहेरी असेल तर त्याच चकतीत रक्त जास्त येतं, थायरॉइडसाठी मोजलेलं टीएसएच फुगून येतं आणि एका निरोगी बाळाचे आईबाप दोन रात्री झोपत नाहीत. थेंब पातळ झालेला असेल तर उलट होतं. आकडा खाली येतो, रिपोर्ट नॉर्मल जातो, आणि त्याचं मोल त्या बाळाला आयुष्यभर मोजावं लागतं. मशीन या दोन्ही चकत्यांना सारखंच वाचतं. कोणत्या चकतीत किती रक्त होतं हे त्याला कळत नाही, ते तुमच्या डोळ्यांनाच कळतं.

नवीन मुलींना कार्ड नापास करायला संकोच वाटतो. वॉर्डातली सिस्टर वयाने मोठी असते, बाळाला पुन्हा टोचायचं असतं, म्हणून 'चालून जाईल' म्हणत कार्ड पुढे सरकवलं जातं. तसं करू नका. मात्र कार्डावर 'अयोग्य' असा शिक्का मारून ते ट्रेमध्ये टाकलं की आपलं काम संपलं असंही समजू नका. त्याच तासात वॉर्डला फोन करा आणि काय चुकलं ते सिस्टरला नीट सांगा. "अक्का, थेंबावर थेंब पडलाय, एका वर्तुळाला एकच मोठा थेंब द्या" एवढं तेलुगूत किंवा दखनीत बोलता आलं तर पुढच्या महिन्यात त्या वॉर्डातून खराब कार्ड येणं निम्म्याने कमी होतं, हा माझा अनुभव आहे. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा स्वतः वॉर्डात जा. टाचेच्या मधोमध टोचायचं नाही, तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचायचं. लॅन्सेट दोन मिलिमीटरच्या आत जायला हवा, कारण खाली हाड जवळ असतं. टाच आधी कोमट ओल्या फडक्याने शेकायची, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसायचा आणि दुसरा मोठा थेंब जमू द्यायचा. कागद नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. आईने बाळाला छातीशी धरलेलं असेल किंवा ते अंगावर पीत असेल तर ते कमी रडतं. हे सगळं सिस्टरना माहीत असतं. पण रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की फोनवरचा आपला आवाज आपोआप मऊ होतो.

कार्ड सुकवणं हा आपल्या शहरात वेगळाच विषय आहे. नियम सोपा आहे. कार्ड आडवं, हवेशीर, सावलीत, साधारण तीन-चार तास, एकमेकांवर न रचता. पण जुलै-ऑगस्टमध्ये मुशीकाठच्या या भागात हवा इतकी दमट असते की चार तासांनीही डाग तपकिरी न होता लालभडक राहतो. ओलसर कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं की आत घाम सुटतो आणि जी विकरं आपल्याला मोजायची असतात ती मरतात. गॅलॅक्टोसीमियासाठी लागणारं विकर, बायोटिनिडेज, जी6पीडी ही तिन्ही ऊब आणि ओल यांना सर्वांत कच्ची. निकाल मग 'कमी' येतो आणि बाळात दोष आहे की पाकिटात, हे कुणालाच सांगता येत नाही. कागदी लिफाफा वापरा, किंवा बंद पिशवीत सिलिकाची पुडी आणि ओल दाखवणारं कार्ड घाला, आणि त्याचा रंग बदलला की पुडी बदला.

उन्हाळ्यात त्रास दुसराच. सॅम्पल आणणारा मुलगा कार्डं गाडीच्या डिकीत टाकतो आणि वाटेत आणखी चार ठिकाणी थांबतो. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत हात घालून बघा, चटका बसतो. त्या मुलाला पाठीवरची कापडी बॅग द्या आणि तिचं कारण समजावून सांगा. कारण कळलं की मुलं जिवापाड जपतात.

आणखी एक गोष्ट फक्त इथली. हनुमान जयंतीला गौलीगुड्याच्या राममंदिरापासून शोभायात्रा निघते आणि गणेश विसर्जनाला अफजलगंज, मोअज्जमजाही मार्केटचे रस्ते दिवसभर बंद असतात. त्या दिवशीही बाळं जन्मतात. वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग बघून अशा दिवसांवर खूण करा आणि आदल्या रात्री किंवा पहाटे कार्डं उचलायची व्यवस्था ठेवा. लागून आलेल्या तीन सुट्ट्यांत पडून राहिलेलं पाकीट मला सर्वांत जास्त घाबरवतं.

कारण इथे वेळच औषध आहे. सीएएच असलेलं बाळ दुसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ आणि पाणी गमावून अचानक कोसळू शकतं. मुलींत निदान बाह्य अवयवांवरून शंका तरी येते. मुलगा मात्र अगदी नॉर्मल दिसतो, आणि उलट्या-जुलाब समजून सलाईन लावेपर्यंत उशीर होतो. गॅलॅक्टोसीमिया आणि मेपल सिरप यूरिन डिसीज यांतही आठवडाभरात बाळ गंभीर होतं. थायरॉइडच्या कमतरतेत इतकी घाई दिसत नाही, पण मेंदूची वाढ तेव्हाच चाललेली असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं शाळेत जातं. ती गोळी रोज दोन-चार रुपयांच्या घरातली आहे. म्हणून कार्डावरच्या तीन वेळा रोज बघायच्या: बाळ जन्मलं कधी, रक्त काढलं कधी, पाकीट आपल्याकडे आलं कधी. नुसती तारीख पुरत नाही, तास हवेत. जन्मल्यावर टीएसएच एकदम उसळतं आणि मग एक-दोन दिवसांत खाली येतं. पहिल्या 24 तासांत काढलेल्या रक्तात ते उगाचच जास्त दिसतं. अमिनो आम्लांचं उलटं असतं. बाळ पुरेसं दूध प्यायलं नसेल तर विकार लपून राहतो. म्हणून 48 ते 72 तासांमधलं सॅम्पल उत्तम, आणि डिस्चार्ज लवकर असेल तर निदान 24 तास उलटलेले हवेत. रक्त चढवायचं असेल तर कार्ड त्याआधी. एकदा रक्त चढलं की हिमोग्लोबिन आणि विकरं दात्याची दिसतात.

आदिलाबाद, किनवट भागातल्या बाळांसाठी सिकलसेलही तपासतात. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे हे काम वाढलं आहे. एक लक्षात ठेवा. मोठ्या माणसांत चालणारी विरघळण्याची साधी चाचणी नवजात बाळात चालत नाही, कारण त्याचं बहुतेक हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलं असतं. त्याला एचपीएलसीसारखी पद्धत लागते.

नावांचा घोळ हा या कामातला सगळ्यांत मोठा सापळा. बाळाचं बारसं झालेलं नसतं, कार्डावर 'बेबी ऑफ लक्ष्मी' असतं, आणि एका दिवसात तीन लक्ष्मी येतात. एका सकाळी माझ्या टेबलावर दोन कार्डं शेजारी होती, दोन्ही 'बेबी ऑफ लक्ष्मी', दोन्ही मुलगे, दोन्ही एकाच वॉर्डातली, एकच तारीख. बारकोड एकाचा दुसऱ्याला चिकटवला गेला होता. वडिलांचं नाव आणि वजन पडताळलं म्हणून कळलं. त्यातल्या एकाचं टीएसएच नंतर जास्त आलं. त्या दिवसापासून मी आईचं नाव, वडिलांचं नाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि जन्मवेळ या चारही गोष्टी जुळल्याशिवाय बारकोड लावत नाही. जुळी असतील तर 'पहिलं' आणि 'दुसरं' हे स्पष्ट हवं. अक्षर लागत नसेल तर अंदाज करायचा नाही, फोन करायचा.

आणि फोन नंबर कुणाचा ते विचारायचं. हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते. तेलुगू घरांतही तीच रीत. कार्डावर नवऱ्याचा नंबर असतो, तो ड्यूटीवर फोन उचलत नाही, आणि बाळ तोवर मेदकच्या नाहीतर देगलूरच्या एखाद्या गावी आजीच्या मांडीवर असतं. एका थायरॉइडच्या बाळाला शोधायला आम्हाला चार दिवस लागले. शेवटी गावच्या आशाताईंनी घर दाखवलं. तेव्हापासून वॉर्डांना आमची विनंती असते की डिस्चार्जनंतर बाळ कुठे जाणार ते गाव आणि आजी किंवा मामा यांपैकी एकाचा नंबर कार्डावर हवाच. इम्लीबनच्या बसस्टँडवरून एकदा गाडी सुटली की त्या नंबराशिवाय आपल्याकडे काही उरत नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. प्रत्येक प्लेटवर कंट्रोल लावल्याशिवाय एकही आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही. कंट्रोल चुकला तर प्लेट पुन्हा, मग कितीही उशीर झाला तरी. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की स्थिर विजेने चकती खणातून उडते आणि शेजारच्या खणात पडते. कापून झाल्यावर प्लेट डोळ्यांनी बघा, प्रत्येक खणात एकच चकती आहे ना. ईडीटीएच्या नळीतून घेतलेलं रक्त कार्डावर टाकलं असेल तर युरोपियम वापरणाऱ्या तपासण्या बिघडतात, म्हणून रक्त थेट टाचेवरूनच हवं. आणि एककं नीट वाचा. कार्डावरचं टीएसएच संपूर्ण रक्ताच्या एककात असेल तर सीरमच्या एककात आणायला साधारण 2.2 ने गुणावं लागतं. भारतीय मार्गदर्शक सूचनांत 20 आणि 40 या मर्यादा सीरम एककातल्या आहेत. 40 च्या वर असेल तर बाळाला लगेच बोलावून शिरेतलं रक्त तपासायचं. एकक चुकलं तर 19 वाचलेला आकडा खरा 42 असू शकतो. अमेरिकेतल्या सीडीसीचा गुणवत्ता कार्यक्रम 1978 पासून जगभरच्या लॅबना सरावाची कार्डं पाठवतो. तुमच्या लॅबचा अशा एखाद्या बाहेरच्या पडताळणीत भाग आहे का, हे मुलाखतीतच विचारा. नसेल तर ती जागा घेण्याआधी विचार करा.

स्वतःचीही काळजी घ्या. सुकलेलं रक्त म्हणजे निरुपद्रवी रक्त असं समजू नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवससुद्धा तग धरतो. रुजू होण्याआधी लसीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी पूर्ण करा आणि नंतर अँटिबॉडीचं प्रमाण 10 च्या वर आलं का ते तपासून घ्या. कार्ड हाताळताना हातमोजे घालायचे ते दोन्ही बाजूंसाठी, कारण आपल्या बोटांचा घाम आणि क्रीमही डागात उतरतं. लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, हे 2016 च्या नियमांप्रमाणे. टोचलं तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच वेळी वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि ते 28 दिवस घ्यायचं असतं. लपवलेली जखम मी पाहिली आहे. त्या मुलीने भीतीपोटी तीन आठवडे एकटीने काढले. तसं कुणी करू नये.

शेवटी बोलण्याबद्दल. आपला रिपोर्ट निदान नसतो. 'पुन्हा तपासायला हवं' एवढंच तो सांगतो, आणि आईशी बोलताना तेवढंच बोला. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, कधी भाचीशीही लग्नं होतात आणि काही विकार अशा घरांत जास्त दिसतात. फोनवर त्याचा उल्लेख करू नका. ते समुपदेशकाचं काम आहे, आणि त्या क्षणी आईला दोषाची गरज नसते, पत्त्याची असते: कुठे यायचं, केव्हा यायचं, सोबत काय आणायचं. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नका. त्या बाळाच्या पुढे लग्नाच्या वेळी तो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असायला नको.

उद्या सकाळी पहिलं पाकीट उघडाल तेव्हा खिडकीशी जा, कार्ड उलटं करा, आणि रक्त काढल्याची वेळ वाचा. ती लिहिलेली नसेल तर लगेच वॉर्डला फोन लावा.